नवतपा आणि लिथियमची गोळी

२६ मे

नवतपा लागला. पारा ४५ च्या आसपास, कूलरची टाकी दुपारीच कोरडी. बायपोलरचा (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याच्या आजाराचा) पेशंट असलेल्या घरात लिथियमचा, म्हणजे मन स्थिर ठेवणाऱ्या गोळीचा, विषय निघतोच: तब्येत तर बरी आहे, मग ही गोळी अजून किती वर्षं? प्रश्न रास्त आहे. वेळ तेवढी चुकीची.

लिथियम हा क्षार, आणि किडनी त्याला सोडियमसारखंच वागवते. घामावाटे पाणी-मीठ गेलं की ती सोडियम धरून ठेवते, त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. गोळ्या तेवढ्याच, रक्तातली पातळी मात्र वर. साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ठीक, काहींना १.० पर्यंत लागते, १.५ ओलांडली की विषबाधेचा धोका. निर्जळी एकादशी, बीपीसाठी एकदम अळणी जेवण, जुलाब, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, या सगळ्यांनी आकडा चढतो. मीठ एकदम वाढवलं तर उतरतो. म्हणून मीठ रोजचं तेवढंच, पाणी दिवसभर थोडं थोडं.

बोटांचा बारीक कंप बऱ्याच जणांना असतोच. पण कप उचलताना चहा बशीत सांडायला लागला, पाय लटपटले, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून कांदा हुंगवत बसायचं नाही.

रक्ततपासणीत घोळ फार. शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी रक्त द्यायचं, सकाळचा डोस असेल तर तो नंतर. गोळी घेऊन गेलात तर पातळी फुगलेली येते. काही हिरव्या झाकणाच्या नळ्यांमध्ये लिथियम हेपॅरिनच असतं. त्यात घेतलेल्या रक्ताचा आकडा खोटा. लॅबवाल्याला विचारायला लाजू नये.

आता ‘किती वर्षं’. त्याचं उत्तर क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियमच्या दर सहा महिन्यांच्या रिपोर्टांत शोधायचं. लिथियमने काहींची थायरॉइड मंदावते, वर्षानुवर्षांनी किडनीही. जुने कागद हरवले असतील तर मागून घ्यावेत; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो हक्क दिलाय. सगळे आकडे तारखेप्रमाणे एका पानावर मांडून डॉक्टरांसमोर ठेवले, की ‘चालू ठेवा’ एवढ्यावर बोलणं संपत नाही.

थांबवायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीत, निदान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन उतरवायचं. एकदम सोडलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया (अतिउत्साहाचा झटका) उलटण्याचा धोका मोठा. लग्नसराईची जागरणं चालू असताना तर नाहीच. त्या काळात झोपेचे तास रोज लिहायचे: ७ चे ४ झाले आणि तरी थकवा नाही, ही पहिली घंटा. रात्री-अपरात्री विचारायला टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

आजची गोळी रात्री ९ ला. म्हणजे उद्या रक्त सकाळी ९ ला, साडेदहाला नाही.