मामाची बाग, आमचा ड्रोन आणि तीन एमएमची तार

रविवारी परत नाशिकजवळ गिरणाऱ्याला मामाच्या द्राक्षबागेत गेलो होतो, ड्रोन आपोआप धडक टाळतो का ते बघायला. खरड छाटणी झालीये, त्यामुळे मांडवावर पान नाही, नुसते ओलांडे (वेलीच्या जाड आडव्या फांद्या) आणि तारा. (ड्रोनच्या सरकारी मॅपवर हिरवा झोन, म्हणजे उडवायला मोकळी जागा, आहे का ते बघूनच उडवतो, ओझरच्या बाजूला विमानतळ आहे, तिकडे असले उद्योग करू नका.)

घरी सिम्युलेटरमध्ये आर्डुपायलट (ड्रोन चालवणारं सॉफ्टवेअर) एकदम शहाण्यासारखं वागत होतं, भिंत आली की थांब, झाड आलं की वळसा. बागेच्या कडेला मोकळ्या पट्ट्यात दोन बांबूंना मामीची जुनी चादर बांधली आणि सेकंदाला 5 मीटरने ड्रोन सोडला, तर चादरीच्या तीन-साडेतीन मीटर आधी गडी थांबला. जोर चढला ना मग, स्पीड डबल केला, आणि थेट चादरीत! चूक माझीच, स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. 5 च्या स्पीडला तीन मीटर लागत असतील तर 10 ला बारा लागणार, आणि आमचा लेझर सेन्सर उन्हात आठ मीटरपुढे धड बघतच नाही.

पण खरी वाट लागली तारेने. स्पीड 2 वर आणला, मांडवाच्या उंचीवर आडवा नेला, मनात म्हटलं आता काय होतंय. स्क्रीनवर समोर सगळं मोकळं दिसतंय आणि पंखा तारेत! नंतर हिशोब केला. सेन्सरचा झोत दोन अंशाचा, सहा मीटरवर त्याचा ठिपका वीसेक सेंटीमीटरचा होतो, त्यात तीन एमएमची तार दोन टक्केही जागा व्यापत नाही, मग परत येणारा उजेड तो किती. मामा शांतपणे म्हणे, "अरे, द्राक्षाच्या बागेत तार नाही तर काय असणार? भिंत कोणी बांधतं का बागेत?"

बरोबरच आहे. आम्ही सोपी टेस्ट घेऊन पास झालो होतो. आता आधी बांबू, मग दोरी, मग तार असं बारीक करत जाणार, आणि मांडवाचा चौकोन मॅपवरच फेन्स, म्हणजे ड्रोनने आत जायचं नाही अशी हद्द, म्हणून टाकणार, दिसत नाही ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दोन प्रोपेलर गेले, नवे मागवलेत. चादरीचं मामीला मामाच सांगणार, असं ठरलंय.