तुम्ही विचारलंत म्हणून: अनोळखी माणसाच्या गाडीत बसायला भीती वाटत नाही?

वाटते की. बरीच वर्षं लांबच्या प्रवासाला कारपूलिंग करतेय, म्हणजे ॲपवर ठरवून त्याच वाटेने निघालेल्या कुणाच्या तरी गाडीत जागा घेतेय, तरी दार उघडताना पोटात थोडं हलतंच.

‘मला चेहऱ्यावरून माणूस कळतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला नाही कळत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की चेहरा जेमतेम १०० मिलिसेकंद दिसला तरी माणूस भरवशाचा की नाही हे आपण ठरवून मोकळे होतो. जास्त वेळ पाहायला मिळाला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त त्याबद्दलची खात्री वाढते!

प्रवासानंतर ॲपवर एकमेकांना द्यायच्या ताऱ्यांवरही, म्हणजे रेटिंगवरही, माझा तसाच भरवसा नाही. तीन तास शेजारी बसून गप्पा मारलेल्या माणसाला तीन तारे देणं जिवावर येतं. बेताच्या ड्रायव्हिंगलाही मी पाच देऊन बसलेय. म्हणून आकडा सोडून मी लेखी अभिप्राय वाचते, त्यातही तक्रारी आधी. ‘फार बोलतात’ चालेल. ‘ऐनवेळी भेटायची जागा बदलली’ असेल तर नको.

डिएगो गॅम्बेटा आणि हेदर हॅमिल या अभ्यासकांनी बेलफास्ट आणि न्यूयॉर्कचे टॅक्सीचालक गिऱ्हाईक कसं पारखतात, ते बघितलं होतं. त्यातलं एक मी उचललं: प्रामाणिक माणसाला सहज जमेल, पण सोंग आणणाऱ्याला अवघड जाईल, अशी खूण शोधायची. गोड बोलणं कुणालाही जमतं. मागच्या सीटवर घट्ट बांधलेली लहान मुलाची खुर्ची आणि तिच्या फटीत अडकलेला बिस्किटांचा चुरा, एवढं कोण मुद्दाम करून ठेवेल?

एकदा ठरल्या जागी आलेल्या गाडीचा नंबर ॲपवरच्या नंबराशी जुळेना. माणूस हसतमुख, रेटिंग उत्तम. ‘भावाची गाडी आणलीय,’ म्हणाला. खरंही असेल. मी म्हटलं, ‘आधी कळवलं असतंत तर बसले असते.’ तो चिडला, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ तोवर मी थोडी डळमळत होते. त्या प्रश्नानंतर पाय मागेच घेतला. पुढचे दोन तास बसची वाट बघत स्वतःला उद्धट म्हणत होते, ते वेगळं.

त्याच्या पुढच्या खेपेचा ड्रायव्हर तोंडावरची माशी न हलणारा. काच खाली करून एवढंच म्हणाला, ‘नंबर बघा, घरी कळवा, मग बसा. मला घाई नाही.’ वाटभर चार वाक्यं बोलला नसेल. मी निम्मा रस्ता झोपून काढला.

हल्ली कधीकधी गाडी माझी असते. परवा एक मुलगी बसायच्या आधी संकोचत माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढायला लागली. प्लेटवर चिखल होता. मी उतरून तो फडक्याने पुसला आणि बाजूला उभी राहिले.