पदराच्या गाठीतलं 'सिलिन'

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, औषधाच्या खिडकीवर मी बसते. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे गर्दी एकतर सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर, मधे सगळं गाव वावरात असतं. त्या दिवशी भर दुपारी एक मावशी पोराच्या खांद्याला धरून लंगडत आली तेव्हाच वाटलं की दुखणं साधं नाही, नाहीतर वेचणीचा रोज पाडून कोण येतं.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुट घोट्याच्या वर घुसलं होतं, पाचसहा दिवस झाले होते. जखम एवढीशी, पण भोवती पाय लालबुंद, तटतटलेला, हात लावला तर गरम, आणि लाली अर्ध्या पोटरीपर्यंत चढलेली. डॉक्टरांनी बघितलं, शुगर केली, ताप नव्हता, आत पू साचलेला नव्हता (पू असला की चिरा देऊन काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही). सेल्युलायटिस म्हणाले, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात बॅक्टेरिया पसरलेले. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. ॲलर्जीचं त्यांनी विचारलं होतं, मी स्वतः ऐकलं. "कशाची ॲलर्जी आहे का?" "नाही जी."

मी गोळ्या काढल्या आणि नेहमीसारखं विचारलं, मावशी याच्या आधी काही घेतलं का. तिनं पदराची गाठ सोडली. आत चार कॅप्सूल, शेजारणीच्या उरलेल्या, उपाशीपोटी कशा घ्यायच्या म्हणून अजून घेतल्या नव्हत्या. स्ट्रिप कात्रीनं अशी कापलेली की तारीख गेली, लाल पट्टी गेली, नावाची पुढची अक्षरं गेली, फॉइलवर नुसतं 'सिलिन' एवढंच उरलेलं. आमच्याच धंद्यातले लोक असं कापून देतात याचा मला खरंच राग येतो, लाल पट्टी असते कशाला, की हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

तर मी तिला सांगत होते, हे चार घेऊ नका, मी देतेय ते याच घराण्यातलं, पेनिसिलिनचं, आणि बोलता बोलता विचारलं की कधी सुई-गोळीनं अंगावर पित्त उठलं होतं का, गांध्या आल्या होत्या का, ओठ सुजले होते का.

"हो ना माय," ती म्हणाली, "या पोराच्या वक्ती सुई लावली होती तं आंगभर पित्त उठलं, डोये सुजले, दम लागला. सलाईन लावली तवा वाचली मी. तवापासून त्या पेनसिलीनच्या सुईचं नाव काढलं की भेव वाटते."

माझ्या हातात तेव्हा गोळ्यांचं पाकीट होतं. तिनं डॉक्टरांना खोटं सांगितलंच नव्हतं, 'ॲलर्जी' हा शब्दच तिच्या घरात नाही. त्या शब्दाखाली तिचा तो दिवस येत नव्हता, 'पित्त उठलं' म्हटल्याबरोबर आला.

मी पाकीट मागं घेतलं आणि सरळ डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, बऱ्याच लोकांची ही ॲलर्जी पुढच्या 10 वर्षांत ओसरते हे खरं आहे, पण दम लागून सलाईन लागली असेल तर ती ओसरली का याची इथं पीएचसीत परीक्षा घ्यायची नाही. सेफॅलेक्सिनही नको म्हणाले, पेनिसिलिनचं दूरचं नातेवाईक आहे ते. क्लिंडामायसिन लिहिलं, 300 मिलिग्रॅम, दिवसातून 4 वेळा, 7 दिवस. आमच्या स्टॉकमधे नव्हतं, ड्रायव्हर तालुक्याला चाललाच होता, त्याच्याकडून मागवलं, तोवर मावशीला बाकावर पाय उंच करून झोपवलं.

कॅप्सूल आल्यावर मी मुलाला शेजारी बसवून सांगितलं, कारण या औषधाच्या दोन गोष्टी न सांगता देणं मला चालत नाही. एक म्हणजे पूर्ण गिलासभर पाणी आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यानं गिळून लगेच खाटेवर पडलं की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथंच जखम करते, मग थुंकी गिळतानाही कळ येते. दुसरं जुलाब. हे औषध आतड्यातले चांगले जंतूही मारतं आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसाईल नावाचा एक वाईट जंतू माजू शकतो, कधी कधी कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरसुद्धा. म्हणून पाण्यासारखे सारखे जुलाब झाले, पोटात मुरडा आला, रक्त दिसलं तर औषध थांबवून लगेच यायचं आणि मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणून आपल्या मनानं खायची नाही.

"दोन दिसात बरं वाटलं तं?" पोरानं विचारलं. म्हटलं बरं वाटलं तरी सातही दिवस, आणि उरवून पदरात बांधायच्या नाहीत. ती हसली आणि शेजारणीच्या चारही कॅप्सूल माझ्यासमोर ठेवल्या.

मग डॉक्टरांनी बॉलपेननं लालीच्या कडेकडेनं पायावर रेघ मारली. लाली रेघेच्या बाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, कातडी काळपट पडली किंवा फोड आले तर रात्री का होईना, यायचं. केसपेपरवर मी लाल पेननं 'पेनिसिलिन देऊ नये' लिहिलं, त्याचा मुलाला मोबाईलमधे फोटो काढायला लावला, आणि मावशीला सांगितलं की कुठल्याही दवाखान्यात गेलीस तर आधी हे दाखव, मग दुखणं सांग.

दोन दिवसांनी बोलावलं होतं, ती तिसऱ्या दिवशी आली, आणि स्वतःच्या पायानं. सूज होती अजून, पण लाली रेघेच्या आत तीनचार बोटं सरकलेली, कातडीवर सुरकुत्या पडायला लागलेल्या. रेघ मात्र अगदी ताजी मारल्यासारखी दिसत होती, मला नवल वाटलं.

"पुसू देली नाही मी," ती म्हणाली, "आंघोयीच्या वक्ती पाय न्हाणीच्या बाहीर ठेवत होती."