शहरातल्या झाडांना ओलाव्याचे वायरलेस सेन्सर बसवताना : आमचा अनुभव

नवीन लावलेलं झाड उन्हाळ्यात सुकतं, तेव्हा भोवतालची जमीन बऱ्याचदा ओलीच असते. कोरडी पडलेली असते ती हुंडी, म्हणजे रोपाच्या मुळांभोवतीचा मातीचा गोळा. सगळी पानं तिथलंच पाणी ओढतात आणि हुंडीबाहेरची बारीक कणांची चिकणमातीही तिच्यातलं पाणी शोषून घेते. म्हणून प्रत्येक झाडाला आम्ही दोन सेन्सर लावतो. एक थेट हुंडीत, साधारण २० सेंमी खोल, आणि दुसरा बाहेरच्या मातीत ३० ते ४० सेंमीवर. एकच परवडत असेल तर तो हुंडीतच हवा.

टक्क्यांत ओलावा सांगणाऱ्या सेन्सरपेक्षा ताण मोजणारे आम्हाला पटतात. २० टक्के ओलावा वाळूत भरपूर ठरतो, तर भारी चिकणमातीत तेवढ्यावर झाड कोमेजू शकतं. किलोपास्कलमधला ताण मात्र मातीतलं पाणी ओढायला मुळांना किती जोर लावावा लागतो तेच सांगतो; माती जितकी कोरडी, तितका आकडा मोठा.

खरी कसोटी बसवण्यात आहे. ताण मोजणारा जिप्समवाला सेन्सर रात्रभर पाण्यात ठेवायचा, वाळवायचा, पुन्हा भिजवायचा आणि ओला असतानाच पुरायचा. गिरमिटाने त्याच्या जाडीपेक्षा किंचित मोठं भोक पाडायचं आणि तिथलीच माती चाळून, पातळ रबडी करून तळाशी ओतायची. सेन्सरभोवती हवा राहिली की आकडा २०० च्या आसपास जाऊन अडकतो. चिकणमाती आकसून भेगा पडल्यावरही हेच होतं. वरची माती थोडी थोडी टाकून ठोकत यावं. ती पोकळ राहिली तर पाणी वायरीलगत सरळ खाली उतरतं. पाणी दिल्यावर काही मिनिटांतच खोलवरचा आकडा शून्याकडे आला, तर हाच दोष समजावा.

सेन्सरचे आकडे रेडिओने पाठवणारा ट्रान्समीटर लोखंडी जाळीखाली किंवा ओल्या मातीत ठेवू नये, सिग्नल तिथेच मरतो. आधाराच्या खांबावर दोन-तीन मीटर उंच बांधावा, खोडाला खिळे ठोकू नयेत. वायर जमिनीखाली पाइपातून न्यावी, उंदीर कुरतडतात. लोरावॅनवर (कमी विजेत लांबवर आकडे पाठवणारं रेडिओ नेटवर्क) तासाला एक नोंद पुरते, पाच मिनिटांनी पाठवत बसलं तर बॅटरी उगाच संपते. लिथियम थायोनिल क्लोराइडची बॅटरी बरेच दिवस पडून असेल तर पहिली नोंद पाठवताना तिचा व्होल्टेज कोसळतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट होतं. बॅटरीला समांतर कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला झटकन देणारा भाग) जोडला की हे थांबतं.

हलक्या मातीत ३० ते ४० किलोपास्कलला, भारी मातीत ६० ते ८० ला आम्ही पाणी देतो. पाण्यानंतर आकडा १० च्या खाली उतरून एक-दोन दिवसांत १५ ते ३० वर आला, तर वाफसा आला. तो कित्येक दिवस १० च्या खालीच राहिला, तर पाणी तुंबून मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी पाणी बंद करून, खालची माती दाबली गेली आहे का, हे गिरमिटाने नमुना काढून पाहावं.