पीएसएची वही आणि बांधावरचं पाकीट

परवा इथे अमेरिकेत, टँपात, एका व्याख्यानाला माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत गेलेला. खिशातून वही काढून त्यांनी पीएसएचे, म्हणजे हा आजार किती आहे ते सांगणाऱ्या रक्तचाचणीचे, आकडे दाखवले. गोळ्या चालू असलेले महिने निळ्या शाईत, बंद असलेले पेन्सिलीने. "सध्या सुट्टी," म्हणाले. माझ्या काळजात धस्स झालं.

ही पद्धत इथल्याच मोफिट कॅन्सर सेंटरच्या रॉबर्ट गेटनबी यांची. ॲबिरॅटेरॉन या औषधाने पीएसए निम्म्यावर आला की गोळ्या थांबवायच्या, मूळ आकड्यावर गेला की पुन्हा सुरू. औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी गाठीत बहुधा आधीपासूनच असतात. पण प्रतिकार फुकट नसतो; काही औषधांच्या बाबतीत पेशीला औषध बाहेर फेकणारे पंप चालवावे लागतात, त्यात ऊर्जा जाते. औषध नसलं की अशा पेशी वाढीत मागे पडतात, साध्या पेशी त्यांना दाबून ठेवतात. जबर मारा करून साध्याच संपवल्या, तर बाकीच्यांना रान मोकळं. 2017 च्या अहवालात रुग्ण फक्त 11, पण निम्म्याहून कमी औषधात बहुतेकांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला होता. प्रत्येक प्रतिकार पेशीला असा महाग पडतोच असं नाही, म्हणून घरी कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.

गेटनबींनी शेतातल्या किडींचा दाखला दिलाय हे ऐकलं आणि मी मनाने थेट यवतमाळला, बाबांच्या शेतावर पोचले. बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या, कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी यायचं. ते कडेने पेरायचं, म्हणजे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्यांशी जुळतात आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. रीत वेगळी, पण साध्यांना जगू द्यायचं हे तेच. बाबा ते पाकीट बांधावर टाकून द्यायचे. "अळीसाठी कोन पेरते?" 2017 ला गुलाबी बोंडअळीने बीटीचीही बोंडं आतून पोखरली.

इथे कुणी म्हणालं, तुमच्याकडे शिस्त नाही, तर मी भांडते. अमेरिकेतून ही अळी गेली ती काय नुसत्या शेतकऱ्याच्या शिस्तीने? विमानातून वांझ पतंग सोडले होते. पाच एकरवाल्याने, उसन्या पैशावर, अळीला ओळी सोडायच्या कशा?

रात्री फोनवर बाबांना सगळं सांगितलं. पाकिटाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "औषध बंद असल्यावर त्या मानसाले झोप लागते का?"

हे मी विचारलंच नव्हतं.