सहा व्होल्टच ठेवले: जावाचं वायरिंग कुठवर आलं

फ्रेमचा रंग झाल्यापासून अडकलेलं काम आता वायरिंगवर आलंय. गाडी 1969 ची जावा 250 मोटारसायकल, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. वायरिंगला हात घातला म्हटल्यावर सोलापुरातल्या बहुतेक दोस्तांनी एकच सल्ला दिला, "12 व्होल्ट करून टाक, डोकेदुखी संपेल." मी सहाच ठेवले. ज्यांच्या गाड्या अजून मूळ डायनॅमोवर (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्रावर) आहेत त्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे: 12 व्होल्टचं किट मागवायच्या आधी अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत जायची वाट) आणि जोड बघा.

हिशेब साधा आहे. 35 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास घेतो, 6 व्होल्टवर सहाच्या आसपास. करंट दुप्पट, म्हणून त्याच वायरीत पडणारा ड्रॉपही (वाटेत हरवणारं व्होल्टेज) दुप्पट, आणि तो वजा व्हायचा मुळातल्या सहातून. त्यात बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. माझ्या गाडीत लाइट चालू असताना बॅटरीवर 6.2 व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर 4.9 मिळत होते. निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच जिरत होता. डायनॅमोचा यात काय दोष?

मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी होल्डरच्या अंगावर धरली. लाइट चालू ठेवूनच हे बघायचं, बंद असताना काही कळत नाही. नुसत्या अर्थच्या बाजूला 0.7 व्होल्ट! कारण समोरच होतं: फ्रेमचा नवा पावडर कोट (भट्टीत भाजलेला रंग). दिसायला देखणा, पण करंटच्या वाटेत भिंत. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड उघडं केलं, तिथे पितळी वॉशर घातला आणि घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. शिवाय बॅटरीपासून इंजिनला आणि हेडलाइटच्या डब्याला अशा दोन स्वतंत्र अर्थ वायरी ओढल्या. स्टिअरिंगच्या छऱ्यांमधून अर्थ जाईल या भरवशावर राहू नका. ग्रीसमधल्या छऱ्यांतून मिळणारा अर्थ हँडल वळवलं की बदलतो.

उरलेला ड्रॉप हेडलाइटच्या डब्यात सापडला. आधीच्या कुणा मिस्त्रीने चार रंगांच्या वायरी पिळून वर टेप गुंडाळली होती. आपल्याकडचे उन्हाळे सोसून टेपचा डिंक वितळला होता, बोटाला काळा चिकटत होता. टेप सोडवली तर आत तांब्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर, आणि वायर वाकवली की वरचं प्लास्टिक कडकन तुटायचं. अशा वायरींत जोड मारत बसण्यात अर्थ नाही. सगळं हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) काढून जमिनीवर पसरलं, मापं घेतली आणि नवं बांधलं. बॅटरी ते स्विच आणि स्विच ते हेडलाइट 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची वायर, बाकी ठिकाणी बारीक चालते. वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचं टोक) दाबून वर सोल्डर, त्यावर स्लीव्ह. बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज.

डायनॅमो शेवटी उघडला. पूर्व भागात यंत्रमागाच्या मोटारी भरणारे एक वाइंडिंगवाले आहेत, त्यांच्याकडे आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) नेलं. त्यांनी नखाने कम्युटेटर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्या, मध्ये मायकाचं इन्सुलेशन) चाचपला आणि म्हणाले, "मालक, वाइंडिंगला हात लावू नका, चांगलं आहे. तांबं झिजून मायका वर आलाय, ब्रश उडतोय." लेथवर हलका कट घेतला, करवतीच्या पात्याने मायका खाली घेतला, नवे कार्बन ब्रश घासून गोलाईला बसवले. जुना कारागीर भेटणं ही आपल्या गावाची खरी श्रीमंती आहे.

जोडणी करून, प्लॅटिनमचा (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटचा) गॅप 0.4 मिलिमीटर ठेवून किक मारली. आयडलला चार्जिंगचा लाल दिवा लागतो, रेस दिली की विझतो, तसाच तो असायला हवा. होल्डरवर आता 5.9 मिळतात. रात्री होटगी रोडला चक्कर मारली, रस्त्याच्या कडेचे दगड स्पष्ट दिसत होते. मर्यादा आहेच: डायनॅमो 45 वॅटचा, त्यातले 35 हेडलाइटला, 5 टेललाइटला, वर इग्निशन कॉइल. गर्दीत हळू चालवताना बॅटरी थोडी उतरते, मोकळ्या रस्त्यावर भरून निघते. मे महिन्यात तिचं पाणी मात्र दर आठवड्याला बघावं लागणार.

राहिलंय ते हॉर्न आणि ब्रेकलाइटचा स्विच. हॉर्न दाबला की हेडलाइट मिणमिणतो, म्हणून त्यालाही बॅटरीपासून जाड वायर देणार आहे. ते झालं की रात्रीच तुळजापूरला निघायचं.