पोरगी बिमार, तुमी सारे काहून जाता जी?

टपरीवर, कृषी केंद्रात, पोळ्याच्या दिवशी बैलांपाशीसुद्धा हाच प्रश्न. पोरीनं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, वाचली. तर तिला दाखवा. मायबाप अन् आजी वेचणी सोडून समुपदेशनासाठी वर्ध्याच्या बसमध्ये कशाला? विचारणाऱ्याचा रोख कळतो मला: घरातच काहीतरी असेल.

नाही, आम्ही तिला मारलं नव्हतं. शाळा सोडवली नव्हती, लग्नाचा विषयही नव्हता. हे इतक्यांदा सांगितलं की आता मलाच ते कोर्टातल्या जबानीसारखं वाटतं.

समुपदेशक मॅडमनी पहिल्याच बैठकीत मार्क, मोबाइल काही काढलं नाही. पोरीला म्हणाल्या, "एवढं असह्य होत होतं, तर आईबाबांकडे का नाही गेलीस?" मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. ग्रामसभेत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस मी! पोरगी ओढणीचं टोक पिळत राहिली. बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोयाबीनचा भाव पडला तवा बाबा जेवत नव्हते. त्यात माह्यं कुठं सांगू?"

तिची माय रडली. मला राग आला, अजूनही येतो. भाव पडल्यावर बापानं काय नाचायचं? मॅडम म्हणाल्या, "उत्तर देऊ नका, विचारा." विचारलं. पुढे ती जे बोलली ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

मॅडमनीच सांगितलं, मायबापांना सोबत बसवून मुलाशी तुटलेलं नातं सांधायची ही पद्धत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मानसशास्त्रज्ञ गाय डायमंड यांची. २०१० च्या अभ्यासात आत्महत्येचे विचार येणाऱ्या ६६ मुलांवर नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली. २०१९ मध्ये १२९ मुलांवर पुन्हा तपासली, तर मुलाशी एकट्यानं बोलण्यावर भर असलेला उपचारही तेवढाच लागू पडला. म्हणजे मी आधी म्हणायचो तेच, तिला एकटीला बसवा? असेलही. पण त्या दुसऱ्या उपचारातही मायबापांना काही वेळा बोलावलंच होतं. माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.

फवारणीचं औषध आता घरात नसतं. भावाच्या गोठ्यात कुलपात, किल्ली त्याच्याकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ भिंतीवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलाय. पोरगी कधी बोलते, कधी दार लावून घेते. मी बाहेर उभा राहिलो की आतून ओरडते, "बाबा, अभ्यास करून राहिली ना मी, जा!"